स्वभावाला औषध नाही, हे कशावरून?



मे महिन्याच्या उकाड्यात, रात्रीची जेवणं लवकर उरकून, तत्त्वज्ञानासारख्या विषयावरचं व्याख्यान ऐकायला तुम्ही इतक्या संख्येने आलात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माणसांनी ही सवय जपली आहे. मला तिचं फार मोल वाटतं. ज्यांच्या स्मृतीसाठी आपली ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचा मी आठवीतला विद्यार्थी. सर आम्हाला गणित शिकवायचे. ‘तत्त्वज्ञान’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. पण तत्त्वज्ञान मला पहिल्यांदा भेटलं ते त्यांच्याच तासाला. तो प्रसंग आधी सांगतो.

आमच्या वर्गातल्या एका मुलाचं शाईचं पेन हरवलं. नवं होतं, सोनेरी टोपणाचं. मधल्या सुटीनंतर त्याने रडतच सांगितलं आणि सगळा वर्ग वळून शेवटच्या बाकाकडे बघायला लागला. तिथे गावाबाहेरच्या पालावरचा एक मुलगा बसायचा. कुणी काही बोललं नव्हतं, पण बोलायचं बाकी काहीच नव्हतं. सर वर्गात आले तोवर दोघांनी त्याचं दप्तर ओढून बाकावर उपडं केलं होतं. त्यातून एक पाटी, दोन वह्या आणि कागदात बांधलेली भाकरी निघाली. सरांनी विचारलं, काय चाललंय? चार-पाच जण एकदम ओरडले, “सर, यानेच घेतलंय.”

सर म्हणाले, “कशावरून?”

उत्तर आलं नाही. मग सरांनी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं ‘पाहिलं’, उजव्या बाजूला ‘वाटलं’. ज्याला जे सांगायचं आहे ते त्याने योग्य बाजूला लिहायचं. दहा-बारा मुलं उठली. उजवी बाजू खालपर्यंत भरली. डावी बाजू कोरी राहिली. सरांनी ते दप्तर स्वतः भरलं, भाकरी पुन्हा कागदात नीट बांधली आणि त्याच्या बाकावर नेऊन ठेवली. मग अपूर्णांक शिकवायला घेतले.

पेन सापडलं नाही. कुणी घेतलं हे आजही मला माहीत नाही. वळून बघणाऱ्यांत मी होतो, हे मात्र माहीत आहे.

तत्त्वज्ञान म्हटलं की आपल्याकडे ब्रह्म, माया, मोक्ष असे शब्द पुढे येतात आणि हा विषय साठीनंतरचा आहे असं ठरून जातं. ते मोठे विषय आहेतच. पण आपण ज्या गोष्टी न तपासता धरून चालतो त्यांना ‘कशावरून’ असं विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत दम धरायचा, ही तत्त्वज्ञानाची पहिली पायरी आहे. हा प्रश्न सगळ्यात जास्त कुठे विचारायला हवा असेल, तर तो माणसाच्या स्वभावाबद्दल. कारण तिथेच आपण तो सगळ्यात कमी विचारतो. भाजी घेताना आपण चार वेळा उलटून पाहतो. माणूस मात्र एका नजरेत ओळखतो.

आपली भाषाच पाहा. स्वभावाला औषध नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. शितावरून भाताची परीक्षा. शेवटच्या म्हणीपाशी जरा थांबू. एक शीत दाबून पाहिलं की पातेलंभर भात कळतो, हे खरं आहे. पण ते का खरं आहे? कारण सगळे दाणे एकाच पाण्यात, एकाच आचेवर, तितकाच वेळ शिजलेले असतात. म्हणून एकावरून सगळ्यांचं अनुमान करता येतं. एका प्रसंगावरून आपण माणूस ओळखतो, एका माणसावरून त्याची वस्ती ओळखतो, तेव्हा हे पाणी आणि ही आच सारखी होती का, हे पाहिलेलं असतं का?

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, या चुकीचा अभ्यास फार बारकाईने केला आहे. धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे अनुमान ते बरोबर मानतात. उलट दिशेने, अग्नी आहे म्हणजे धूर असणारच, हे मात्र चूक. लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कशाने होतो? सरपण ओलं असलं तर. या लपून राहिलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ हे नाव दिलं. ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. माझी आजी पावसाळ्यात डोळे पुसत फुंकणीने चूल फुंकायची, तेव्हा ती अग्नीला दोष देत नव्हती. सरपण भिजलंय, म्हणायची. माणसाच्या बाबतीत आपण हे विसरतो. वागण्यातला धूर दिसतो आणि आपण म्हणतो, आगच तशी. सरपण कुणी भिजवलं, छप्पर कुठे गळत होतं, याची चौकशी आपण करत नाही.

ही केवळ आपल्या गावातली सवय नाही. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. काही वाचकांना स्पष्ट सांगितलं की लिहिणाऱ्याला बाजू निवडता आली नव्हती, ती त्याला ठरवून दिली होती. तरीही, बाजूने लिहिणारा मनातूनही कॅस्ट्रोकडे झुकलेला असणार, असं वाचकांना वाटत राहिलं. आपल्या शाळांतल्या वादविवाद स्पर्धा आठवा. चिठ्ठीत ‘विरोधात’ निघालं म्हणून एखादी मुलगी विरोधात बोलते, तर घरी जाताना लोक म्हणतात, पोरगी भारी आडमुठी आहे हो. परिस्थितीने करायला लावलेलं आपण स्वभावाच्या खात्यावर टाकतो. लक्षात घ्या, त्या वाचकांना खरी परिस्थिती सांगितलेली होती. नुसती माहिती असून भागत नाही. म्हणूनच ‘कशावरून’ची शिस्त लागते, आणि शिस्त रोज पाळावी लागते.

ती शिस्त सुटली की काय होतं, हे आपल्याच इतिहासात आहे आणि ते सांगताना मला आवाज स्थिर ठेवावा लागतो. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागचा विचार होता. सरकारने जमातीचं नाव जाहीर केलं की झालं. मग त्या जमातीतल्या माणसाने आयुष्यात कशाला हात लावला नसला तरी नोंदणी करायची, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. १९११ च्या कायद्याने हे सगळं मुंबई इलाख्यापर्यंत आलं. सोलापुरात अशांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखला जातो.

या कायद्यातलं एक कलम मला झोपू देत नाही. एखादी जमात गुन्हेगार ठरवणारी अधिसूचना एकदा निघाली की तिच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारायचा नाही, असं त्यात लिहून ठेवलं होतं. म्हणजे ‘कशावरून’ हा प्रश्नच कायद्याने बंद केला होता. माझ्या सरांनी आठवीच्या वर्गात जो शब्द उच्चारला, तो न्यायाधीशालाही उच्चारायची मुभा नव्हती.

तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. कायदा गेला, नजर राहिली. ती नजर सोसलेल्यांची आत्मकथनं मराठीत आहेत. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ साली. दोन्ही पुस्तकांचा साहित्य अकादमीने गौरव केला. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी मानवी स्वभावावरचा कोणताही जाड ग्रंथ उघडण्याआधी ती वाचावीत असं मी सुचवेन. ज्याच्या स्वभावाबद्दल इतरांनी आधीच निकाल देऊन ठेवला आहे, अशा माणसाचं आतून जगणं कसं असतं, ते तिथे कळतं.

आता हे सगळं आधुनिक शहाणपण आहे असं कुणी समजू नये. सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथात वासेट्ठ सुत्त म्हणून एक संवाद आहे. गोव्याच्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपात मराठीत आणला, हे आपलं भाग्य. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद होतो. माणूस ब्राह्मण ठरतो तो जन्माने की वागण्याने? दोघांचं जुळत नाही म्हणून ते बुद्धाकडे जातात. बुद्ध गवतापासून सुरुवात करतो. गवत आणि झाडं, किडे आणि मुंग्या, चार पायांची जनावरं, मासे, पक्षी, या प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या जातीची खूण जन्मतःच दिसते. माणसाचं तसं नाही. केस पाहा, कान पाहा, डोळे, ओठ, हात, पाय पाहा. एका माणसाला दुसऱ्यापासून जातीने वेगळी करणारी खूण कुठेच नाही. जो शेती करतो तो शेतकरी, जो हातकसबावर जगतो तो कारागीर, आणि जो चोरी करतो तो चोर. करण्याने ठरतं. बुद्धाने ‘वाटलं’ बाजूला ठेवून दोघा तरुणांना ‘पाहिलं’कडे आणलं, असं मला हे सुत्त वाचताना दर वेळी वाटतं. आणि १८७१ चा कायदा करणाऱ्यांना जे समजलं नाही ते चोराबद्दलचं एक वाक्य त्याआधी दोन हजारांहून अधिक वर्षं या देशात पडून होतं.

बाबासाहेब आंबेडकरांनी हाच धागा १९३६ साली उचलला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं त्यांचं भाषण मंडळाला पेललं नाही, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केलं. व्याख्यानमालांच्या या महाराष्ट्राने लक्षात ठेवावं की गेल्या शतकातलं कदाचित सर्वांत महत्त्वाचं व्याख्यान कधी दिलंच गेलं नाही. त्यात ते प्लेटोकडे वळतात. प्लेटोने माणसांच्या वृत्ती पाहून समाजाचे तीन वर्ग पाडले होते. बाबासाहेबांचा आक्षेप असा की प्रत्येक माणूस हा स्वतःच एक वेगळा वर्ग असतो, हे प्लेटोला दिसलं नाही. तीन कप्प्यांत किंवा चार कप्प्यांत माणसं कोंबणं ही माणसाकडे वरवर पाहणाऱ्याची पद्धत आहे. माझ्या मते मानवी स्वभावाच्या चर्चेत यापेक्षा महत्त्वाचा आक्षेप कुणी घेतलेला नाही.

इथे श्रोत्यांमधल्या आया मनात म्हणत असतील की, हे सगळं ठीक, पण आम्ही पोरं वाढवली आहेत. एकाच घरातली, एकाच ताटात जेवलेली दोन मुलं. एक तान्हेपणापासून शांत, दुसरं आठव्या दिवशी घर डोक्यावर घेणारं. मग जन्मजात काहीच नसतं असं कसं म्हणता? बरोबर आहे. ‘पाहिलं’च्या बाजूला लिहावं असंच हे निरीक्षण आहे, आणि मन ही कोरी पाटी असते असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. जन्मजात कल असतो. पुढचा प्रश्न असा, की कल म्हणजे निकाल का?

या प्रश्नावर चीनमध्ये, ख्रिस्ताच्या तीन-चार शतकं आधी, एक थोर वाद झाला. मेन्शियस म्हणाला, माणूस मुळात चांगला आहे. रांगतं मूल विहिरीत पडताना दिसलं तर कुणाच्याही काळजात चर्र होतं. त्याच्या आईबापांची मर्जी मिळवावी किंवा लोकांनी वाहवा करावी, असा हिशेब त्या क्षणी कुणी करत नाही. त्याच्यानंतरचा शुन्झी म्हणाला, साफ चूक. माणूस मुळात स्वार्थी आहे. वाकडं लाकूड वाफ देऊन, दाबून सरळ करावं लागतं, तसं माणसाला शिक्षणाने घडवावं लागतं.

दोघांपैकी मला मेन्शियस जवळचा वाटतो, त्याचं कारण त्याने सांगितलेला एक डोंगर. त्याला बैल डोंगर म्हणायचे. एका मोठ्या राज्याच्या राजधानीशेजारी होता. एके काळी त्यावर सुंदर झाडी होती. शहर जवळ, म्हणून कुऱ्हाडी चालल्या. तरी रात्रीच्या गारव्याने, पावसापाण्याने नवे कोंब फुटायचेच. मग गुरं चरायला आली. कोंबही गेले. डोंगर बोडका झाला. आता येणारा-जाणारा तो बोडका डोंगर बघतो आणि म्हणतो, इथे कधी झाडी नव्हतीच. मेन्शियस विचारतो, हा काय डोंगराचा स्वभाव आहे?

कुऱ्हाड आणि चरणारी गुरं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. कारण हे दोन शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी आपल्याकडच्या गावांच्या वेशीवरच्या फलकांवर वाचले होते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे डोंगर ज्यांनी पूर्वी पाहिले असतील त्यांना आठवत असेल, तिथे काही उगवेल असं कुणी म्हटलं नसतं. हा दुष्काळी पट्टा, इथली जमीनच अशी, असंच सगळे म्हणायचे. ‘जमीनच अशी’ आणि ‘माणूसच असा’ या दोन वाक्यांची घडण एकच आहे. गावाने कुऱ्हाड थांबवली, चराई थांबवली, श्रमदानाने चर खणले, पाणी अडवलं. डोंगर हिरवे झाले. गवत बाहेरून आणून चिकटवलेलं नव्हतं. ते त्या मातीतूनच आलं. मात्र डोंगराला नुसता उपदेश करूनही ते आलं नसतं. चर खणावे लागले, वर्षानुवर्षं राखण करावी लागली. इथे मला शुन्झीचीही आठवण होते. वाफ देणं, दाब देणं, मेहनत घेणं याशिवाय काही होत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नाही.

आणि दोघांचा शेवट पाहा. मेन्शियस म्हणतो, कुणीही माणूस याओ आणि शुन यांच्यासारखा पुण्यवान राजा होऊ शकतो. शुन्झी म्हणतो, रस्त्यावरचा कुणीही माणूस यू राजासारखा होऊ शकतो. मुळात चांगला की मुळात वाईट, यावर ज्यांचं जमलं नाही, ते माणूस बदलू शकतो यावर एकमताने बोलतात. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही हेच वेगळ्या उदाहरणाने सांगितलं. दगड दहा हजार वेळा वर फेकला तरी त्याला वर जायची सवय लागत नाही. माणसाला सवय लागते. सद्गुण निसर्गाने आपल्यात आयता ठेवलेला नाही आणि तो निसर्गाविरुद्धही नाही. तो करून करून अंगी येतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, ज्ञानी माणूसही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तिथे निग्रह काय करणार, असा श्लोक आहे. स्वभावाला औषध नाही म्हणणारे तो पुढे करतात आणि तिथेच थांबतात. लगेच पुढचा श्लोक मात्र आसक्ती आणि द्वेष यांच्या ताब्यात जाऊ नकोस असं बजावतो. जे करताच येत नाही ते कर म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. अठराव्या अध्यायात स्वभावातून उपजलेल्या गुणांवरून चार वर्णांची कर्मं वाटून दिली आहेत, तेही मी विसरलेलो नाही. तिथे मी बाबासाहेबांच्या बाजूने उभा आहे.

आता त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे परत येतो. सरांनी त्या दिवशी त्याचं दप्तर भरून दिलं, तरी पुढे आम्ही कुणी त्याच्या शेजारी जाऊन बसलो नाही. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. पाल उठून गेलं होतं. त्याचं काय झालं हे आम्ही विचारलं नाही. मी विचारलं नाही. तो बुजरा होता, हट्टी होता की हुशार, हे सांगण्याइतकंही मला त्याच्याबद्दल माहीत नाही. वर्षभर एका खोलीत बसून मी त्याच्याबद्दल एकच गोष्ट नक्की पाहिली होती. भाकरी तो कागदातून सोडायचा आणि खाऊन झाल्यावर तोच कागद घडी घालून परत दप्तरात ठेवायचा.

या सभागृहात अनेक शिक्षक आणि शिक्षिका बसलेल्या आहेत, म्हणून शेवटची विनंती तुम्हाला. मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी तुम्हाला कराव्या लागतात. वर्गात पन्नास मुलं, वेळ कमी, वर सतरा कामं, हे मला दिसतं. तरीही ‘आळशी आहे’, ‘हट्टी आहे’, ‘लक्ष नसते’ असं लिहिण्याआधी पेन क्षणभर थांबवा आणि तुम्ही स्वतः काय पाहिलं तेवढंच लिहा. ‘सोमवारी आणि मंगळवारी गृहपाठ केला नव्हता.’ ‘कविता म्हणायला उठवलं की मान खाली घालते.’ ‘दुसऱ्या तासाला झोपतो.’ तो झोपतो, असं लिहिलंत तर तो रात्री किती वाजता झोपतो, घरी काय काम करतो, सकाळी काही खाऊन येतो का, हे विचारावंसं कुणाला तरी वाटेल. आळशी आहे, असं लिहिलंत तर पुढच्या वर्षीचे शिक्षक ते वाचतील आणि कुणी काही विचारणार नाही. जूनमध्ये शाळा उघडतील. नव्या नोंदवह्या अजून कोऱ्या आहेत.